पिवळ्या हेल्मेटचा जोई डनलॉप

अनंत चतुर्दशीला आपल्याकडे रस्ते बंद होतात ते मिरवणुकीसाठी. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधल्या समुद्रात आयल ऑफ मॅन नावाचे छोटे बेट आहे. तिथे दरवर्षी उन्हाळ्यात रस्ते बंद होतात ते मोटरसायकल शर्यतीसाठी. इंग्लंडमध्ये सार्वजनिक रस्त्यावर शर्यतीला परवानगी नव्हती. या बेटाची स्वतःची संसद असल्याने तिने कायदा करून रस्ते मोकळे करून दिले आणि 1907 पासून ही टी.टी. शर्यत सुरू झाली. डोंगराला वळसा घालणारा सुमारे 60 किलोमीटरचा फेरा, दोनशेहून अधिक वळणे, दोन्ही बाजूंना दगडी कुंपणे, विजेचे खांब आणि लोकांची घरे. स्पर्धक ठराविक सेकंदांच्या अंतराने सुटतात आणि खरी लढत घड्याळाशी असते. रस्ता तोंडपाठ नसेल तर तिथे वेगाचा काही उपयोग नाही.

हा रस्ता ज्याला सर्वांत जास्त पाठ होता तो जोई डनलॉप. जन्म 25 फेब्रुवारी 1952, उत्तर आयर्लंडमधील बॅलिमनी गावाजवळचा. वडील मेकॅनिक. सतराव्या वर्षी एका जुन्या ट्रायम्फवर तो पहिली शर्यत धावला. गावचे मित्र, भाऊ, मेहुणा असा सगळा गोतावळाच या नादात होता. गाड्या घरीच खोलायच्या, घरीच जोडायच्या. 1980 मध्ये मेहुणा मर्विन रॉबिन्सन शर्यतीतच गेला. तरीही जोई थांबला नाही. हे बरोबर होते का, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. घरी पत्नी होती, पुढे पाच मुलेही झाली.

टी.टी.मधला पहिला विजय 1977 चा. पुढे होंडा कंपनीकडून धावताना 1982 ते 1986 अशी सलग पाच वर्षे तो फॉर्म्युला वन गटात जगज्जेता होता. एवढे होऊनही गावात त्याचा दारूचा गुत्ता होता आणि गिऱ्हाइकांना तो स्वतः पेले भरून देई. कंपनीचे मेकॅनिक दिमतीला असतानाही इंजिनात स्वतः हात घातल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. देवभोळेपणही होतेच. पिवळे हेल्मेट आणि आत लाल टी-शर्ट हा नेम त्याने मोडला नाही. आपल्याकडचे ट्रकवाले लिंबू-मिरची बांधतात, तसाच हा प्रकार.

1985 ची गंमत सांगितलीच पाहिजे. बेटावर जाण्यासाठी तो मित्रांसह एका मासेमारी बोटीत गाड्या घालून निघाला आणि बोट किनाऱ्यापासून जवळच बुडाली. माणसे वाचली, गाड्या पाणबुड्यांनी नंतर वर काढल्या. त्याच वर्षी त्याने बेटावर तीन शर्यती जिंकल्या!

मला मात्र त्याचा दुसरा प्रवास जास्त मोठा वाटतो. रुमानियात सत्तापालट झाल्यावर तिथल्या अनाथाश्रमांची दैना जगासमोर आली. जोईने गाडीत अन्न आणि कपडे भरले आणि तो एकटाच युरोप ओलांडून तिकडे गेला. पुढे बोस्निया आणि अल्बानियालाही तो असाच जाऊन आला. बरोबर ना छायाचित्रकार ना फलक. 1986 मध्ये खेळासाठी त्याला एम.बी.ई. किताब मिळाला होता. 1996 मध्ये या कामासाठी ओ.बी.ई. मिळाला.

जून 2000 मध्ये, वयाच्या 48 व्या वर्षी, त्याने टी.टी.मध्ये पुन्हा तीन शर्यती जिंकल्या. एकूण विजय 26 झाले. त्याच आठवड्यात एका फेरीत त्याने ताशी 199 किलोमीटरची सरासरी गाठली, ती त्याची स्वतःची सर्वोत्तम. महिनाभरातच एस्टोनियातील टॅलिनला तो धावायला गेला. दोन शर्यती जिंकून झाल्या होत्या. 2 जुलैला पावसात 125 सी.सी. ची शर्यत चालू होती, तो सर्वांच्या पुढे होता. गाडी घसरली आणि झाडांवर आदळली. तो जागीच गेला.

उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात अनेक वर्षे रक्त सांडले होते. जोईच्या अंत्ययात्रेला दोन्ही बाजूंची माणसे आली, सुमारे पन्नास हजार. त्याचा पुतळा आज त्या बेटावर डोंगरातल्या रस्त्याकडे पाहत उभा आहे.

2008 मध्ये त्याचा धाकटा भाऊ रॉबर्ट आणि 2017 मध्ये रॉबर्टचा मुलगा विल्यम, दोघेही शर्यतीच्या सरावात गेले. जोईचा 26 विजयांचा विक्रम 2024 पर्यंत टिकला. तो मोडला विल्यमच्या भावाने, मायकलने.