पत्र्याचे जोड न लपविणारा अभियंता

मॉरिस मायनर आणि मिनी या दोन छोट्या ब्रिटिश मोटारींचे जतन करणारे हौशी लोक आज जगभर आहेत. गंजलेला पत्रा कापून नवा तुकडा बसविणे हे त्यांच्या कामाचे मुख्य स्वरूप. मात्र या गाड्यांच्या अंगावरच्या काही पट्ट्या आणि जोड जाणकार कारागीर मुद्दाम जसेच्या तसे ठेवतात. ते जोड म्हणजे या दोन्ही गाड्यांचे जनक सर अॅलेक इसिगोनिस यांच्या विचारपद्धतीची खूण होय.

इसिगोनिस यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९०६ रोजी स्मिर्ना येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझमीर शहरात झाला. वडील ग्रीक वंशाचे, पण ब्रिटिश नागरिक. आई जर्मन वंशाची. जहाजांच्या यंत्रांचा कारखाना हा घरचा व्यवसाय. १९२२ मध्ये ग्रीक-तुर्क युद्धाच्या अखेरीस स्मिर्ना पेटले आणि ब्रिटिश नौदलाने या कुटुंबाला माल्टाला हलविले. कारखाना, घर, मालमत्ता सारे मागे राहिले. त्यानंतर लवकरच वडीलही गेले. १९२३ मध्ये आईसोबत लंडनला आलेल्या या तरुणाने बॅटर्सी पॉलिटेक्निकमध्ये प्रवेश घेतला. तेथे चित्रकलेत तो पुढे होता, गणितात मात्र तीनदा नापास झाला. पुढेही त्यांचा भरवसा सूत्रांपेक्षा हाताने काढलेल्या रेखाटनांवरच अधिक राहिला.

पत्र्याचे मर्म त्यांना कळले ते स्वतःच्या हातांनी काम करताना. जॉर्ज डाउसन या मित्रासह त्यांनी फावल्या वेळात एक शर्यतीची गाडी बांधली. तिला वेगळी लोखंडी चौकट नव्हती. अॅल्युमिनियमचा पत्रा चढविलेल्या प्लायवूडच्या बाजूच भार पेलत. देह हाच सांगाडा, ही कल्पना त्यांच्या पुढच्या गाड्यांचा पाया ठरली.

१९३६ मध्ये ते मॉरिस कंपनीत रुजू झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच त्यांनी सामान्य कुटुंबासाठीच्या छोट्या गाडीचे काम हाती घेतले. गाडी जवळजवळ तयार झाली, तेव्हा ती फार अरुंद दिसते असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांनी नमुन्याची गाडी मधोमध उभी कापवली आणि दोन्ही अर्धे दूर सरकवून नजरेला योग्य वाटेल असे अंतर ठरविले. ते चार इंच भरले. म्हणूनच मायनरच्या बॉनेटवर मधोमध एक उंच पट्टी दिसते. बंपर तर आधीच तयार झाले होते. तेही कापून मध्ये तुकडा जोडावा लागला. कंपनीचे मालक लॉर्ड नफील्ड यांना या गाडीचे रूप मुळीच आवडले नव्हते. तरीही १९४८ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली आणि दहा लाखांचा टप्पा गाठणारी पहिली ब्रिटिश मोटार ठरली. भारतात हिंदुस्थान मोटर्सने हीच गाडी ‘बेबी हिंदुस्थान’ या नावाने विकली.

१९५६ च्या सुएझ संकटामुळे ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग आले. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख लिओनार्ड लॉर्ड यांनी इसिगोनिस यांच्याकडे कमी इंधनात चालणाऱ्या, पण चार माणसे खरोखर बसतील अशा छोट्या गाडीची मागणी केली. इसिगोनिस यांनी इंजिन आडवे बसविले, गिअरबॉक्स त्याच्या पोटात घातला आणि चाके दहा इंचांची घेतली. सुमारे दहा फुटांच्या गाडीतील बहुतेक जागा माणसांना आणि सामानाला मिळाली. २६ ऑगस्ट १९५९ रोजी मिनी बाजारात आली.

या गाडीचे पत्रे जोडताना त्यांनी दुमडी बाहेरच्या बाजूस वळविल्या. त्यामुळे वेल्डिंगची अवजारे सहज पोहोचत, खर्च वाचे आणि आतली जागा वाया जात नसे. सुरुवातीच्या मिनीच्या दारांच्या बिजागऱ्याही बाहेरच होत्या. शोभेसाठी काही झाकावे, हे या अभियंत्याला मान्य नव्हते. पण या आग्रहाची किंमतही मोजावी लागली. आरंभीच्या गाड्यांत तळाच्या पत्र्यांचा एक जोड उलट्या दिशेने आल्यामुळे पावसाचे पाणी आत शिरे; रचना बदलून तो दोष दूर करावा लागला. जोडांत, दाराखालच्या पोकळ उंबरठ्यांत आणि मागच्या चाकांच्या आधारांपाशी ओल साठून गंज धरे, तो आजही धरतो.

म्हणूनच मिनीचा देह दुरुस्त करणे हे केवळ रंगकाम नसते. येथे पत्राच गाडीचा भार पेलतो. सडलेला उंबरठा कापण्यापूर्वी सांगाड्याला आतून टेकू द्यावे लागतात, दारे लावून फटी तपासाव्या लागतात. अन्यथा गाडी वाकते आणि दार पुन्हा कधीच नीट बसत नाही. गंजावर नुसती पुट्टी भरली तर गाडी देखणी दिसते, पण आतील माणसांचे रक्षण करू शकत नाही. बाहेरच्या दुमडी घासून गाडी गुळगुळीत करण्याची हौस काहींना असते. मात्र त्या दुमडीच दोन पत्र्यांना धरून असतात. त्या काढायच्या, तर आतून तितकाच भक्कम जोड द्यावा लागतो.

इसिगोनिस १९६७ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि १९६९ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १९७१ मध्ये ते निवृत्त झाले. आयुष्यभर अविवाहित राहिलेल्या या अभियंत्याचे २ ऑक्टोबर १९८८ रोजी बर्मिंगहॅम येथे निधन झाले. मूळ मिनीचे उत्पादन २००० साली थांबले, तोपर्यंत ५३ लाखांहून अधिक गाड्या बनल्या होत्या.

रोजच्या वापरासाठी, स्वस्त आणि साधी अशी गाडी त्यांनी घडविली होती. तिचा एकेक जोड लोक पुढे दशकानुदशके जपत बसतील, हा विचार तिच्या आराखड्यात कोठेच नव्हता. तरीही तिचे पत्रे बदलणाऱ्या कारागिराला प्रत्येक दुमडीपाशी तीच विचारणा करावी लागते, जी इसिगोनिस यांनी केली होती: हा तुकडा येथे कशासाठी आहे, आणि तो नसेल तर काय बिघडेल?