पुण्यश्लोक अहिल्यादेवी आणि नर्मदाकाठचे मुके जीव

मातोश्री अहिल्यादेवी होळकर यांचे नाव घेताच काशी विश्वनाथाचे मंदिर, सोरटी सोमनाथ आणि देशभरातील घाट, विहिरी व धर्मशाळा डोळ्यांपुढे उभ्या राहतात. ते कार्य सर्वश्रुत आहे. येथे आम्ही त्यांच्या चरित्रातील एका कमी परिचित भागाकडे भाविकांचे लक्ष वेधू इच्छितो.

देवींचा जन्म १७२५ साली चौंडी येथे झाला. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव कामी आले, १७६६ साली सासरे सुभेदार मल्हारराव निवर्तले आणि १७६७ साली एकुलता पुत्र मालेरावही गेला. एवढे आघात सोसून त्यांनी माळव्याचा कारभार हाती घेतला व नर्मदाकाठी महेश्वरास राजधानी केली.

देवींच्या निधनानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी सर जॉन माल्कम यांनी माळव्यात त्यांच्याविषयीची माहिती गोळा केली व ती १८२३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्यात नोंद आहे की, भर उन्हात महेश्वरजवळच्या शेतांत देवींचे सेवक पाणी घेऊन जात, औताचे बैल थांबवीत आणि त्यांना पाणी पाजीत. नर्मदेतील माशांनाही अन्नाचा वाटा ठरलेला असे. पाखरांची गोष्ट तर विशेष मननीय आहे. धान्य राखण्यासाठी कुणब्याने पाखरे हाकलावीत, हे देवींना रास्तच वाटे. म्हणून त्यांनी त्याला मनाई केली नाही. पाखरांसाठी स्वतः शेते विकत घेतली! माल्कम यांस हा भूतदयेचा अतिरेक वाटला. आम्हांस मात्र यात चोख राजनीती दिसते. श्रद्धा आपली, तर तिचा भारही आपणच वाहावयाचा, तो गरीब रयतेच्या कणगीवर टाकावयाचा नाही. देवींचा दानधर्म मुख्यतः होळकरांच्या खासगीतूनच होत असे, हेही येथे ध्यानी घ्यावे.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे देवींनी देह ठेवला.

१९७८ सालापासून आपल्या इंदूर नगरीस नर्मदेचे पाणी मिळते, ते महेश्वरपासून जवळच असलेल्या जलूद येथून. तेव्हा महेश्वरी दर्शनास जाणाऱ्या भाविकांनी निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीसह नदीत सोडू नये, ही विश्वस्त मंडळाची नम्र विनंती.