ज्यांच्या नावाचा डबा झाला

फ्रान्समध्ये कुणाच्या घरी गेलात आणि कचऱ्याचा डबा कुठे आहे हे विचारायचं झालं, तर पूबेल कुठे आहे असं विचारावं लागतं. पूबेल हे एका माणसाचं आडनाव. माणूसही साधासुधा नव्हे, कायद्याचे प्राध्यापक आणि सुमारे तेरा वर्षं पॅरिसचा कारभार पाहिलेले अधिकारी. आपल्या सोसायटीत ओला-सुका यावरून प्रत्येक वार्षिक सभेत जी खडाजंगी होते, ती पाहता रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत या गृहस्थांची ओळख करून द्यायला हरकत नाही.

यूजीन पूबेल यांचा जन्म १५ एप्रिल १८३१ रोजी नॉर्मंडी भागातल्या काँ या शहरात झाला. कायद्यात डॉक्टरेट मिळवून त्यांनी काँ, ग्रनोब्ल आणि तुलूझ इथे अध्यापन केलं. १८७१ साली, प्रशियाबरोबरच्या युद्धात देश हरून विस्कटलेला असताना, ते सरकारी सेवेत आले. प्रीफेक्ट म्हणजे आपल्याकडचे कलेक्टर समजा. दोन-चार जिल्हे करून १८८३ च्या ऑक्टोबरात ते सेन जिल्ह्याचे, म्हणजेच पॅरिसचे प्रीफेक्ट झाले. त्या काळी पॅरिसला निवडून आलेला महापौर नसे, शहर प्रीफेक्टच चालवी. प्रशासकाचा कारभार म्हणजे काय हे आपल्याला वेगळं सांगायला नको!

शहराची लोकसंख्या वीस लाखांच्या वर, आणि कचरा कुठे? तर रस्त्यावर. बिऱ्हाडकरू घरातली घाण इमारतीपुढे ढिगात ओतून मोकळे. रात्री हजारो कचरावेचक पाठीला वेताची टोपली, एका हातात कंदील आणि दुसऱ्या हातात आकडी घेऊन ते ढीग उपसत. चिंध्या कागदाच्या गिरण्यांना जात, हाडांची बटणं आणि सरस होई, काच पुन्हा वितळे. उरलेली घाण गाड्यांतून शहराबाहेरच्या भाजीमळ्यांत खत म्हणून जाई. म्हणजे पुनर्वापर चालू होताच, फक्त तो चिखलात बसून करावा लागे.

पूबेल यांनी खुर्चीत बसल्यावर दोन महिनेही जाऊ दिले नाहीत. २४ नोव्हेंबर १८८३ च्या हुकुमाने त्यांनी प्रत्येक घरमालकावर झाकणाचे डबे पुरवण्याची सक्ती केली. डबा ४० ते १२० लिटरचा, अंमल १५ जानेवारी १८८४ पासून. आणि डबे किती? तीन! एक कुजणाऱ्या कचऱ्याचा, दुसरा कागद आणि चिंध्यांचा, तिसरा काच, फुटकी भांडी आणि कालवांच्या शिंपल्यांचा. पॅरिसकर कालवं मनापासून खात, त्यामुळे शिंपल्यांचा ढीग ही किरकोळ गोष्ट नव्हती.

या वाटणीमागचा हिशेब सरळ होता. भाजीच्या पाण्यात भिजलेला कागद गिरणी घेत नाही. काच मिसळलेलं खत कुठल्याही माळ्याला नको असतं. एकाच डब्यात सगळं कोंबलं की कागदही जातो, खतही जातं आणि निवडणाऱ्याचा हात कापतो. आपल्या मागच्या गेटपाशी रोज सकाळी हेच दिसतं. दह्याचा कप न धुता सुक्यात, चहाचा चोथा वर्तमानपत्रात गुंडाळून तोही सुक्यात, चीज लागलेला पिझ्झाचा खोका तर हमखास. एका उघड्या लोणच्याच्या पिशवीने अख्खी गोणी तेलकट होते आणि कचरा नेणाऱ्या मावशींचा त्या दिवसाचा पुठ्ठा भंगारवाला परत करतो. नुकसान आपलं होत नाही, म्हणून ते आपल्या लक्षातही येत नाही.

हुकूम निघाला आणि चहूकडून ओरड झाली. घरमालकांना खर्च नको होता. दारावरच्या कॉन्सिएर्जना (आपल्या वॉचमनपेक्षा यांचा रुबाब बराच जास्त) डबे आत-बाहेर करायचं काम नको होतं. सगळ्यात खरी तक्रार मात्र कचरावेचकांची होती. कचरा डब्यात बंद झाला आणि सकाळी गाडीत गेला तर त्यांनी खायचं काय? वर्तमानपत्रांनी त्यांची बाजू घेतली आणि प्रीफेक्टसाहेबांना चिडवण्यासाठी त्या डब्यांना त्यांचंच आडनाव चिकटवलं. अखेर ७ मार्च १८८४ ला सुधारित हुकूम निघाला. गाडी येण्याआधी कचरावेचकांनी डबा कापडावर ओतायचा, हवं ते घ्यायचं आणि उरलेलं परत भरायचं, अशी सोय झाली. मला पूबेल यांचं मोठेपण डब्यापेक्षा या माघारीत अधिक दिसतं. पुण्यात आज ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था घरोघर कचरा गोळा करते, तेही याच प्रश्नाचं एक उत्तर आहे.

झाकणाचा डबा टिकला. तीन डबे मात्र टिकले नाहीत. घरोघर वेगळं करायला कुणी तयार होईना, जुन्या इमारतींत तीन डबे ठेवायला जागा नाही, आणि हळूहळू सगळं एकाच डब्यात पडू लागलं. काच, कागद वेगळा गोळा करायची पद्धत शहरात पुन्हा रुजायला जवळपास शंभर वर्षं जावी लागली. आपल्याकडे २०१६ च्या घनकचरा नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीनच भाग सांगितले, तेव्हा अनेकांना ते नवं खूळ वाटलं होतं.

पूबेल तेवढ्यावर थांबले नाहीत. १८९२ मध्ये पॅरिसला पटकी आली. १८९४ च्या कायद्याने प्रत्येक घराचं सांडपाणी थेट भुयारी गटाराला जोडणं बंधनकारक झालं, खर्च पुन्हा मालकांचाच. मालकमंडळी त्यांच्यावर किती खूश असतील याची कल्पनाच करावी. १८९६ मध्ये त्यांनी पद सोडलं आणि व्हॅटिकनमध्ये फ्रान्सचे राजदूत म्हणून गेले. १८९८ नंतर दक्षिणेत कारकासोनजवळ राहायला जाऊन त्यांनी तिथल्या द्राक्षबागायतदारांच्या वाइनसाठी खटपट केली. जुलै १९०७ मध्ये ते वारले.

चेष्टेने पडलेलं नाव त्यांच्या हयातीतच, १८९० साली, फ्रेंच शब्दकोशाच्या पुरवणीत आलं होतं. पुढे त्यातलं पहिलं अक्षरही लहान लिहिलं जाऊ लागलं, कारण फ्रेंचमध्ये मोठं अक्षर माणसाच्या नावाला लागतं, वस्तूच्या नाही. मोठ्या अक्षराने लिहिलेले पूबेल आता पॅरिसच्या सोळाव्या विभागातल्या एका छोट्या रस्त्याच्या पाटीवर भेटतात.