मेजर चार्ल्स मँट : कोल्हापूरचे वास्तुशिल्पकार

कळंबा परिसरातून उपचारासाठी कोल्हापूरच्या सी.पी.आर. रुग्णालयात, म्हणजेच थोरल्या दवाखान्यात, गेला नाही असा माणूस विरळाच. समोरच्या टाऊन हॉलच्या बागेत नातेवाईक विसाव्याला बसतात. या दोन्ही वास्तू ज्यांनी रेखाटल्या, त्या मेजर चार्ल्स मँट यांचे नाव मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते.

मँट हे इंग्रज लष्करातील अभियंता होते. युरोपीय बांधणीस भारतीय शिल्पपरंपरेची जोड देणाऱ्या आरंभीच्या वास्तुकारांत त्यांची गणना होते. कोल्हापूरशी त्यांचा संबंध एका शोकघटनेमुळे अधिक दृढ झाला. छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतत असताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी इटलीतील फ्लॉरेन्स नगरीत ऐन विशीत निवर्तले. आर्नो नदीकाठी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्या स्थळी 1874 साली उभारलेली स्मारक-छत्री मँट यांच्याच आराखड्याची होय. महाराजांचा अर्धपुतळा शिल्पकार फुलर यांनी घडविला.

इकडे कोल्हापुरात 1872 ते 1876 या काळात गॉथिक वळणाचा टाऊन हॉल काळ्या दगडात उभा राहिला. त्यानंतर रुग्णालयाचे आणि 1877 साली नव्या राजवाड्याचे काम सुरू झाले. याच सुमारास अजमेरचे मेयो कॉलेज व बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा हेही त्यांच्याच हाती होते. एका माणसाच्या खांद्यावर हा केवढा भार!

1881 साली, चाळिशीच्या सुमारास, मँट यांचे निधन झाले. आपली गणिते चुकली आहेत, आपले राजवाडे कोसळतील, या भयाने अखेरीस त्यांचे मन ढळले होते, असे सांगितले जाते. नवा राजवाडा 1884 साली पूर्ण झाला. लक्ष्मीविलासचे काम रॉबर्ट चिझम यांनी 1890 साली तडीस नेले. दोन्ही राजवाडे पूर्णत्वास गेलेले पाहणे मँट यांच्या नशिबी नव्हते.

परंतु त्यांचे बांधकाम टिकले. 11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपाने कोल्हापूरही हादरले, तरीही या वास्तू आजही उभ्या आहेत. टाऊन हॉलमध्ये आता वस्तुसंग्रहालय असून, ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती आणि आबालाल रहिमान यांच्यासारख्या कोल्हापूरच्या चित्रकारांच्या कलाकृती तेथे जपल्या आहेत. नव्या राजवाड्यातही छत्रपती घराण्याचे संग्रहालय आहे. रुग्णालयात तर गोरगरिबांची सेवा अखंड चालू आहे.

आपल्या श्रमांचे फळ आपल्याच डोळ्यांना दिसेल, असे नाही. कित्येकदा ते आपल्याला अपयशच वाटते. पुढच्या वेळी एखाद्या आजारी आप्ताला भेटण्यासाठी त्या दगडी कमानीखालून जाताना, वाचकहो, या भयग्रस्त पण प्रामाणिक कारागिराचे क्षणभर स्मरण अवश्य करावे.