रुपयाच्या अभ्यासासाठी बाबासाहेबांनी निवडलेली कॉलेजे

क्वांटिटेटिव्ह फायनान्ससाठी कॉलेज शोधणाऱ्या माधवनगरच्या मुलामुलींनी बाबासाहेबांचा विद्यार्थीदशेतला प्रवास जरूर पाहावा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचे नाव दाखल झाले. १९१२ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी.ए. झाले. १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांना सेलिग्मन यांच्यासारखे अर्थशास्त्राचे गुरू लाभले. १९१६ मध्ये त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स गाठले.

१९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली, शिक्षण अर्धवट राहिले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. शाहू महाराज आणि मित्र नवल भथेना यांनी हातभार लावला. १९२० मध्ये ते पुन्हा त्याच संस्थेत गेले. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी डी.एस्सी. मिळाली. पुढे हिल्टन यंग आयोगापुढे चलनावर साक्ष देताना हाच अभ्यास कामी आला.

बांधवांनो, प्रवेश घेताना केवळ कॉलेजचे नाव आणि पॅकेज पाहू नका. गणित कोण शिकवते, ग्रंथालय कसे आहे, शिष्यवृत्ती किती वर्षे पुरेल, हेही विचारा. पैशाअभावी खंड पडला, तरी परतीची वाट बंद होत नाही.

जय भीम!