रंग उरले, नाव मागे पडले

सावंतवाडीची गंजिफा आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. गोल पत्ते, दशावतारांचे दहा संच, आणि चित्र निरखण्याआधी नजरेत भरतो तो रंग. युरोपातल्या टॅरो पत्त्यांतही रंगाला असेच महत्त्व आहे. पंधराव्या शतकात इटलीत हे पत्ते निव्वळ खेळासाठी निघाले. मिलानच्या राजघराण्याच्या पत्त्यांना सोन्याचा वर्ख असे. तिथे रंग म्हणजे वैभव. पुढे फ्रान्समध्ये लाकडी ठशांनी छापून लाल, निळा, पिवळा असे मोजकेच रंग भरू लागले आणि पत्ते सामान्यांच्या हाती आले.

आज जगभर सर्वांत परिचित असलेला टॅरो संच मात्र एका स्त्रीने रेखाटला. तिचे नाव पामेला कोलमन स्मिथ.

पामेलाबाईंचा जन्म 1878 साली लंडनमध्ये, अमेरिकन आईवडिलांच्या पोटी झाला. बालपण मँचेस्टर आणि जमैकात गेले. न्यूयॉर्कच्या प्रॅट संस्थेत त्या चित्रकला शिकल्या, पण पदवी न घेताच बाहेर पडल्या. एकविशीतच आईवडिलांचे छत्र हरपले. प्रसिद्ध अभिनेत्री एलेन टेरी यांच्या नाटकमंडळींत त्यांना आधार मिळाला. 1903 मध्ये त्यांनी ‘द ग्रीन शीफ’ हे छोटे मासिक काढले. त्यातली चित्रे हाताने रंगवली जात.

1909 साली आर्थर वेट यांनी 78 पत्त्यांचे काम त्यांना सोपवले. पूर्वी साध्या अंकांच्या पत्त्यांवर बहुधा नुसते पेले आणि तलवारी असत. बाईंनी तिथेही माणसे आणि प्रसंग उभे केले. काही महिन्यांत काम पुरे झाले, मोबदला मात्र तुटपुंजा मिळाला. शिळाछापावर निघालेल्या या पत्त्यांत रंगच अर्थ सांगतात. कड्याच्या टोकाशी निघालेल्या भोळ्या प्रवाशामागे पिवळे आकाश आहे. जादूगाराच्या पांढऱ्या वस्त्रावर लाल झगा आहे. कोसळत्या मनोऱ्यामागे काळाकुट्ट अंधार आहे. तीन तलवारींनी भोसकलेले लालभडक हृदय करड्या पावसात दिसते. भाषा न येणाऱ्यालाही ते दुःख कळते.

संच प्रकाशक रायडर आणि वेट यांच्या नावाने प्रसिद्ध झाला. बाईंचे नाव मागेच राहिले. 1951 साली कॉर्नवॉलमधील ब्यूड येथे त्या कर्जात वारल्या. घरातले सामान विकून देणी भागवावी लागली. त्यांची कबर नेमकी कुठे आहे, हेही आज कोणाला ठाऊक नाही.

आम्ही सरकारी नोकरीत आहोत. टिपणी लिहिणाऱ्याची कोपऱ्यातली लघुस्वाक्षरी कोणी वाचत नाही, हे आम्हांला चांगले माहीत आहे. पामेलाबाईंनीही पत्त्यांच्या कोपऱ्यात आपली नागमोडी आद्याक्षरे रेखली आहेत. आता कुठे लोक ती वाचू लागले आहेत आणि संचाला त्यांचे नाव जोडू लागले आहेत. यंदा बाप्पाच्या मूर्तीचे रंग डोळे भरून पाहताना ते कोणी भरले, तेवढे मात्र आपण आवर्जून विचारू या.