विश्लेषण : युद्धाच्या मानसिक जखमांवर बोलणे हा उपचार कसा ठरला? डॉ. रिव्हर्स कोण होते?

पहिल्या महायुद्धात खंदकांतून परतलेल्या अनेक सैनिकांच्या अंगावर जखम नव्हती; पण कुणाची वाचा गेली होती, कुणी रोज रात्री किंचाळत उठत होता. या अवस्थेला 'शेल शॉक' म्हटले गेले. अनेकांना तो भित्रेपणा वाटे. डॉ. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी मात्र या रुग्णांना बोलते केले.

रिव्हर्स कोण होते?

जन्म १८६४, इंग्लंडमधील केंट परगणा. वडील तोतरेपणावर उपचार करत, तरी रिव्हर्स स्वतः आयुष्यभर अडखळत बोलले. केंब्रिजमध्ये अध्यापन करताना ते मानववंशशास्त्राकडे वळले. निलगिरीतील तोडा समाजावरील त्यांचा ग्रंथ १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यांची पद्धत काय होती?

१९१५ मध्ये ते लिव्हरपूलजवळील मगल लष्करी रुग्णालयात दाखल झाले. लष्करी डॉक्टरांना मानसोपचार शिकवणारे हे केंद्र ठरले. पुढच्या वर्षी ते एडिनबराजवळील क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात गेले. घडले ते विसरून जा, असा सल्ला तेव्हा सर्रास दिला जाई. दडपलेली आठवणच स्वप्नात उसळते, असे रिव्हर्स यांचे मत होते.

एका अधिकाऱ्याला मित्राचा छिन्नविच्छिन्न देह सतत दिसे. मृत्यू क्षणार्धात आला, मित्राला यातना झाल्या नाहीत, हे रिव्हर्स यांनी त्याला उमजवले आणि दुःस्वप्ने ओसरली. दुसऱ्या एका रुग्णाच्या आठवणीत मात्र असा कोणताच आधार सापडला नाही. त्याला त्यांनी सैन्य सोडण्याचा सल्ला दिला. डिसेंबर १९१७ मध्ये लंडनमध्ये डॉक्टरांपुढे वाचलेल्या निबंधात त्यांनी हे अपयशही मांडले.

ससून प्रकरण काय होते?

कवी सिगफ्रिड ससून यांनी १९१७ मध्ये युद्धाचा जाहीर निषेध केला. लष्करी खटल्याऐवजी त्यांना क्रेगलॉकहार्टला धाडण्यात आले. पुण्यातील ससून रुग्णालयाला ज्यांचे नाव आहे, ते डेव्हिड ससून त्यांचे पणजोबा. रिव्हर्स यांना ते वेडे वाटले नाहीत. पण त्यांना पुन्हा लढायला तयार करणे हेच डॉक्टरांचे काम होते. ससून आघाडीवर परतले आणि १९१८ मध्ये डोक्याला गोळी लागूनही बचावले. बरे करायचे ते पुन्हा मरणाच्या दारात धाडण्यासाठी, हा पेच रिव्हर्स यांना छळत राहिला.

आज महत्त्व काय?

४ जून १९२२ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी रिव्हर्स यांचे निधन झाले. आठवण टाळण्याऐवजी, सोसवेल अशा रीतीने तिला सामोरे जायचे, हे तत्त्व आजच्या आघातोपचारांच्या प्रशिक्षणातही शिकवले जाते.